आरसिसलॉगची मेमरी दिवसेंदिवस वाढतेय? रीस्टार्ट करण्याआधी हे तपासा

नागपुरात सेंट्रल लॉग सर्व्हर, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या शाखांमधून त्याच्याकडे येणारे लॉग. विदर्भात ही मांडणी नेहमीची आहे, आणि तिच्यातली एक तक्रारही नेहमीची आहे. आरसिसलॉग (rsyslog), म्हणजे लिनक्सवर लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, पंधरा-वीस दिवस सलग चालला की त्याची मेमरी फुगते. कुणीतरी सेवा रीस्टार्ट करतं, आकडा खाली येतो, सगळे निश्चिंत होतात. पंधरवड्यानं पुन्हा तेच.

अशा वेळी सगळे आधी म्हणतात, "मेमरी लीक आहे," म्हणजे प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत सोडत नाहीये. बहुतेक वेळा लीक नसतो. संदेशांना पुढे जायला वाट नसते, म्हणून ते रांगेत थांबलेले असतात. नाहीतर आपण पाहतोय तो आकडाच आरसिसलॉगच्या मेमरीचा नसतो. खरा लीकही सापडतो, पण बाकी सगळं खोडून झाल्यावर. रीस्टार्ट केला की पुरावा जातो आणि रांगेतले संदेशही जाऊ शकतात, म्हणून तो लगेच करू नका.

लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- सिस्टिमसीटीएल स्टेटसमधला (सेवेची स्थिती दाखवणाऱ्या आदेशातला) मेमरीचा आकडा रोज थोडा वर जातो.
- स्वॅप वापरला जातोय, आणि कर्नल लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी किलरनं (रॅम संपली की प्रोग्रॅम मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेनं) आरसिसलॉग किंवा शेजारचा डेटाबेस मारल्याची नोंद आहे.
- लॉगमध्ये मधेच अर्ध्या-एक तासाचं भगदाड आहे, किंवा शाखेचा दुपारी दोनचा संदेश सेंट्रल सर्व्हरवर संध्याकाळी सहाला पोचतोय.
- एसएसएचनं (दुरून) लॉगिन करताना पासवर्ड दिल्यावर बराच वेळ काहीच होत नाही. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं आदेश चालवणंसुद्धा, अडकतो.

शेवटचं लक्षण नेटवर्कच्या माथी मारलं जातं, पण त्याचं कारण कधीकधी इथंच असतं. आरसिसलॉग स्थानिक लॉग सॉकेट (यंत्रावरचे प्रोग्रॅम जिथं संदेश टाकतात ती जागा) थेट वाचत असेल, तर मुख्य रांग भरली की तो तिथून वाचणं जवळजवळ थांबवतो. सॉकेट भरतो, आणि त्यात लिहू पाहणारा प्रत्येक प्रोग्रॅम थांबून राहतो. एसएसएच आणि सुडो दोघंही लॉगिनची नोंद करतात, म्हणून दोघंही अडकतात. हे दिसत असेल तर थेट रांगेच्या भागाकडे जा.

आधी आकडा कोणता आहे ते बघा

या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. बऱ्याच तक्रारी इथंच संपतात.

सिस्टिमसीटीएल स्टेटसमध्ये दिसणारी मेमरी ही त्या सेवेच्या सीग्रुपची (कर्नल ज्याचा हिशोब एकत्र ठेवतो त्या प्रोसेस-गटाची) असते, आणि सीग्रुपच्या हिशोबात पेज कॅशही धरला जातो. आरसिसलॉग दिवसभर फाइलींमध्ये लिहितो. लिहिलेली पानं कर्नल रॅममध्ये राखून ठेवतो आणि ती त्याच सेवेच्या नावावर टाकतो. मोकळी रॅम भरपूर असेल तर हा आकडा आरामात काही जीबीपर्यंत चढतो. दुसऱ्या कुणाला मेमरी लागली की कर्नल ती पानं सोडून देतो. ही वाढ निरुपद्रवी आहे. तिच्यावर उपाय करायला गेलात तर लिहिणं हळू होईल, बाकी काही साधणार नाही.

खरा आकडा प्रोक फोल्डरमध्ये, आरसिसलॉगच्या पीआयडीखालच्या (प्रोसेस क्रमांकाखालच्या) स्टेटस फाइलमध्ये असतो. आरएसएस म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग. तिथल्या तीन ओळी वाचा: आरएसएस-अनॉन, आरएसएस-फाइल, आरएसएस-शमेम. प्रोग्रॅमनं स्वतः मागून घेतलेली मेमरी अनॉनमध्ये असते. रांग, कॅशे (पुन्हा लागेल म्हणून राखलेली माहिती), लीक, सगळं तिथंच येतं. फाइलच्या ओळीत लायब्ररी आणि मेमरीत मॅप केलेल्या फाइली असतात. ३.१० सारख्या जुन्या कर्नलवर या वेगळ्या ओळी नसतात. तिथं स्मॅप्स फाइलमधल्या अ‍ॅनॉनिमसच्या सगळ्या ओळींची बेरीज करावी लागते.

अनॉन स्थिर आहे आणि फक्त सीग्रुपचा आकडा वाढतोय? मग आरसिसलॉग निरोगी आहे. ही पोस्ट इथंच सोडली तरी चालेल.

दोन-तीन दिवसांची नोंद ठेवा

अनॉन वाढतोय असं दिसलं तर एका आकड्यावरून काही ठरवू नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सेवेत) दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाका. तीत एवढंच हवं: वेळ, आरएसएस-अनॉन, आरएसएस-फाइल, थ्रेडची संख्या, आणि त्या पीआयडीच्या एफडी फोल्डरमधल्या नोंदींची, म्हणजे उघड्या फाइली आणि जोडण्यांची, संख्या. स्वल्पविरामानं वेगळं करून एका फाइलीत साठवा आणि तिचा आलेख काढा.

आलेखाचा आकार निम्मं निदान करून देतो. एकदम चढून काही तासांनी मोकळा होणारा डोंगर असेल तर रांग भरून रिकामी झाली. पायरी चढून वरच थांबला आणि संदेशांच्या पुढच्या तशाच लोंढ्याला आणखी चढला नाही, तर मेमरी ॲलोकेटरनं (प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणाऱ्या भागानं) राखून ठेवली आहे. नव्या यंत्रांच्या संख्येबरोबर वाढून हळूहळू सपाट होत असेल तर कुठलातरी कॅशे भरतोय. आणि लोंढा असो-नसो, दिवस-रात्र एकाच उतारानं वर जाणारी सरळ रेष असेल तरच लीकचा संशय घ्यायचा.

एफडींची संख्याही मेमरीबरोबर वाढत असेल तर ती ओळ अधोरेखित करून ठेवा. जोडण्या किंवा फाइली बंद होत नाहीयेत असा त्याचा अर्थ आहे.

जर्नलडी रॅममध्येच लिहितोय का?

ही तपासणी चटकन होते. जर्नलडी म्हणजे सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग साठवणारा प्रोग्रॅम. त्याची साठवण बहुतेक ठिकाणी ऑटोवर असते. व्हार-लॉगखाली जर्नल नावाचं फोल्डर नसेल तर तो रनखालच्या फोल्डरमध्ये लिहितो, आणि रन हे टीएमपीएफएस म्हणजे थेट रॅम आहे. मर्यादा दिलेली नसेल तर तो त्या फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत जातो, कमाल ४ जीबी. मोठी रॅम असलेल्या सर्व्हरवर हा तुकडा डोळ्यात भरण्याइतका होतो, आणि आरोप येतो आरसिसलॉगवर. जर्नलसीटीएलला डिस्क-युसेज विचारा. आकडा रनखालचा असेल तर व्हार-लॉगखाली जर्नल फोल्डर तयार करून जर्नलडीला फ्लश करायला सांगा. नाहीतर रनटाइम-मॅक्स-यूज १०० एमबीवर बांधा.

जर्नलडीचा स्वतःचा आरएसएस मोठा दिसला तरी घाबरू नका. तो जर्नलच्या फाइली मेमरीत मॅप करून वापरतो. त्यातला बराचसा भाग कर्नल हवा तेव्हा परत घेऊ शकतो.

रांग: खरा गुन्हेगार बहुतेक इथंच सापडतो

आरसिसलॉगमध्ये संदेश आला की आधी मुख्य रांगेत जातो, तिथून एकेका अ‍ॅक्शनकडे: फाइलीत लिहिणं, दुसऱ्या सर्व्हरला पाठवणं, डेटाबेसमध्ये टाकणं. पुढचं ठिकाण संथ झालं किंवा बंद पडलं की मागची रांग वाढते. आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ही रांग पूर्णपणे मेमरीत असते.

म्हणून पहिल्यांदा ठिकाण तपासा. सेंट्रल सर्व्हरवर डीएफनं डिस्कची जागा बघा, आणि आय पर्याय देऊन आयनोडही बघा (प्रत्येक फाइलीला एक लागतो, आणि त्यांची संख्या ठरलेली असते). जागा ४० टक्के मोकळी आणि आयनोड संपलेले, असं लाखो छोट्या फाइली झालेल्या लॉग सर्व्हरवर घडतं. शाखेच्या सर्व्हरवर एसएस आदेशानं टीसीपी जोडणी बघा. पोर्ट साधारणपणे ५१४, टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) असेल तर ६५१४. सेंड-क्यूच्या रकान्यात मोठा आकडा अडकून बसला असेल तर समोरचा संदेश घेत नाहीये.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि दुपारनंतर वादळी पाऊस झाला की शाखांची वीज आणि लिंक दोन्ही जातात. लिंक नीट बंद झाली तर आरसिसलॉगला लगेच कळतं. मधल्या राउटरची वीज गेली तर कुणीच कुणाला जोडणी तुटल्याचं सांगत नाही. पाठवणाऱ्याच्या लिनक्सला वाटतं, पॅकेट वाटेत आहे. मूळ सेटिंगवर तो सुमारे १५ मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मगच जोडणी मेली असं ठरवतो. तेवढ्या वेळात संदेश साचत जातात. घेणाऱ्या बाजूला तर मेलेली जोडणी तशीच पडून राहते, कारण टीसीपीवरून संदेश घेणाऱ्या आयएमटीसीपी मॉड्यूलमध्ये कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का हे अधूनमधून विचारणं) मुळात बंद असतं. त्याच मॉड्यूलची जोडण्यांची मर्यादा मूळ सेटिंगला २०० आहे. प्रत्येक जोडणीसाठी संदेशाच्या कमाल आकाराएवढा बफर राखला जातो. मूळ ८ केबीला हे नगण्य आहे. पण जावाचे लांबलचक स्टॅक ट्रेस एका संदेशात मावावेत म्हणून कुणी कमाल आकार १ एमबी केला असेल, तर २०० जोडण्यांचा हिशोब २०० एमबीपर्यंत जातो. कीप-अलाइव्ह चालू करा आणि कमाल आकार खरोखर लागेल तेवढाच ठेवा.

ठिकाण ठीक वाटलं तरी रांगेचे आकडे प्रत्यक्ष बघा. त्यासाठी आयएमपीस्टॅट्स मॉड्यूल आहे. ते कॉन्फिगच्या अगदी सुरुवातीला लोड करा आणि इंटरव्हल ६० सेकंद ठेवा. मूळ सेटिंग ३०० सेकंद असते, त्यात छोटे लोंढे निसटतात. लॉग.सिसलॉग बंद करून लॉग.फाइलला वेगळी फाइल द्यायला विसरू नका. नाहीतर हे आकडे तुंबलेल्या रांगेतूनच बाहेर यायला बघतील, आणि ऐन गरजेला मिळणार नाहीत. प्रत्येक अ‍ॅक्शनला नेम द्या. 'अ‍ॅक्शन-४' म्हणजे कोण, हे रात्री दोन वाजता कॉन्फिगमध्ये मोजत बसायला लागू नये.

मिळालेल्या ओळींत प्रत्येक रांगेचे साइझ, मॅक्सक्यूसाइझ, फुल आणि डिस्कार्डेड.फुल वाचा.

साइझ सतत मोठा असेल तर त्या रांगेचं ठिकाण संथ किंवा बंद आहे. तीच अ‍ॅक्शन सस्पेंडेड दाखवतेय का ते बघा. साइझ शून्याजवळ पण मॅक्सक्यूसाइझ मर्यादेला टेकलेला असेल तर लोंढे येऊन गेले आहेत. दोन्ही लहान आणि अनॉन तरीही चढतोय, तर रांग निर्दोष आहे. पुढच्या भागाकडे जा.

आता हिशोब. क्यू.साइझ हा बाइटमध्ये नसतो, संदेशांच्या संख्येत असतो. ही चूक कॉन्फिगमध्ये वारंवार दिसते. संदेशाचा मजकूर ३०० बाइटचा असला तरी त्याच्याभोवतीची माहिती धरून मेमरीत १ ते दीड केबी धरून चाला. १० लाखांची रांग म्हणजे भरल्यावर सुमारे दीड जीबी. संदेश ८ केबीचे असतील तर तीच रांग ८ जीबी मागेल. "जागा भरपूर ठेवू" म्हणून कुणीतरी टाकलेले ते १० लाख एरवी काहीच त्रास देत नाहीत, लिंक गेली की मात्र सर्व्हर खातात.

त्याहून वाईट जोडी आहे ती अशी: रांगेचा प्रकार लिंक्डलिस्ट, साइझ प्रचंड, अ‍ॅक्शन.रिझ्यूम-रिट्राय-काउंट उणे एक, आणि क्यू.फाइलनेम नाहीच. उणे एक म्हणजे कायम प्रयत्न करत राहा. फाइलनेम नाही म्हणजे डिस्कवर काही उतरवू नका. दोन्ही मिळून अर्थ होतो: लिंक परत येईपर्यंत सगळं रॅममध्ये साठवा.

बरोबर मांडणी अशी. शाखेच्या फॉरवर्ड अ‍ॅक्शनला स्वतःची रांग द्या, कारण काही सांगितलं नाही तर अ‍ॅक्शनची रांग डायरेक्ट, म्हणजे नसल्यासारखीच, असते आणि एका लिंकपायी स्थानिक फाइलींचं लिहिणंही थांबतं. प्रकार लिंक्डलिस्ट, साइझ २०,०००, फाइलनेम द्या, मॅक्स-डिस्क-स्पेस द्या, सेव्ह-ऑन-शटडाउन चालू, रिट्राय-काउंट उणे एक. फाइलनेम दिलं की रांग डिस्कची मदत घेणारी होते. मेमरीतला भाग साधारण ९० टक्के भरला की ती डिस्कवर लिहू लागते. म्हणून साइझ मुद्दाम लहान ठेवायचा. मेमरीला कुंपण त्यानंच पडतं, मोठा साठा डिस्कवर जातो. प्रत्येक रांगेचं फाइलनेम वेगळं हवं. एकच नाव दोन रांगांना चालत नाही.

डिस्क किती द्यायची? शाखेतून सेकंदाला २०० संदेश येतात आणि लिंक तीन तास जाते असं धरा. २०० गुणिले १०,८०० म्हणजे २१ लाख ६० हजार संदेश. डिस्कवर प्रत्येकी ७०० बाइट धरले तर दीड जीबी. मॅक्स-डिस्क-स्पेस २ जीबी ठेवा. गडचिरोलीसारख्या ठिकाणी लिंक रात्रभर जात असेल तर त्याच पटीत वाढवा. तुमचा खरा वेग आयएमपीस्टॅट्सच्या एनक्यूड आकड्यातून मिळेल, अंदाजानं टाकू नका.

वर्क-डिरेक्टरी, म्हणजे रांगेच्या फाइली जिथं जातात ते स्पूल फोल्डर, अस्तित्वात आहे आणि आरसिसलॉग ज्या युजरखाली चालतो त्याला तिथं लिहिता येतं, याची खात्री करा. रेडहॅट घराण्यात एसई-लिनक्सचं (नेहमीच्या परवानग्यांवरच्या जादा सुरक्षा नियमांचं) लेबलही बघा. ते फोल्डर नेहमीच्या जागेबाहेर नेलं की परवानगी असूनही लिहिणं नाकारलं जातं. बदल केल्यावर आरसिसलॉगडीला एन-१ पर्याय देऊन कॉन्फिग तपासा आणि मगच रीस्टार्ट करा. सुरू होताना त्यानं काढलेली तक्रार पूर्ण वाचा. डिस्कची रांग लागली नाही, तर ते तिथंच लिहिलेलं असतं.

मग दिवसा चालू वेळेत शाखेच्या फायरवॉलवर ते पोर्ट दहा मिनिटं बंद करून बघा. स्पूल फोल्डरमध्ये फाइली तयार व्हायला हव्यात, अनॉन एका पातळीवर थांबायला हवा, आणि पोर्ट उघडल्यावर फाइली नाहीशा व्हायला हव्यात. ही चाचणी न करता काम झालं असं म्हणू नका.

यूडीपीनं पाठवत असाल तर समोरचा बंद आहे हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. त्याची रांग वाढत नाही, संदेश मात्र हरवतात. शाखेची मेमरी छान सपाट आहे म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नका.

लोंढा कुठून येतोय?

रांग भरण्याचं दुसरं कारण म्हणजे एखादं यंत्र बोंबलतंय. गेल्या तासाच्या लॉगमधून यंत्राच्या नावाचा रकाना ऑकनं काढा, सॉर्ट आणि युनिक लावून मोजा. पहिल्या दोन-तीन नावांनीच निम्मे संदेश पाठवलेले असतील तर तिकडे चला. उन्हाळ्यात बुटीबोरी, हिंगण्याच्या शेडमध्ये एसीविना रॅकमध्ये बसवलेले स्विच तापतात. पंखा अडकला, पोर्ट चालू-बंद होऊ लागला की प्रत्येक वेळी लिंक अप, लिंक डाउन, स्पॅनिंग ट्री बदलला असे संदेश सुटतात. इथं आरसिसलॉगला हात लावायचा नाही. स्विचची धूळ काढा, पंखा बदला. डीबग लॉगिंग चालू राहून गेलेलं अ‍ॅप हे याच प्रकरणाचं दुसरं रूप. अचानक लॉगिन अपयशाचे हजारो संदेश दिसले तर तो मेमरीचा प्रश्नच नाही, ताबडतोब सुरक्षा बघणाऱ्या माणसाला उठवा.

हळूहळू भरणारे कॅशे

रांग सपाट, लोंढा नाही, आणि अनॉन तरीही चढतोय. अशा वेळी चार जागा बघायच्या.

पहिली, डीएनएसचा (यंत्रांची नावं आणि पत्ते जोडणाऱ्या सेवेचा) उलटा शोध. आयपीवरून नाव काढून आरसिसलॉग ते मेमरीत ठेवतो, आणि त्याची मुदत मुळात लागू नसते. मोजकी ठरलेली यंत्रं असतील तर काही बिघडत नाही. पण यूडीपीचं पोर्ट इंटरनेटला उघडं असेल, किंवा वायफायवरची बदलत्या आयपीची यंत्रं लॉग पाठवत असतील, तर प्रत्येक नव्या पत्त्याची नोंद कायमची राहते. नव्या आवृत्त्यांत या कॅशेला मुदत लावायची सोय आहे, ती चालू करा. नावाची गरजच नसेल तर त्या इनपुटचा उलटा शोध बंद करा. आणि पोर्ट फायरवॉलवर फक्त आपल्या शाखांच्या पत्त्यांपुरतं उघडं ठेवा. हे तर मेमरीचा प्रश्न नसला तरी करायचंच.

दुसरी, सेंडर्स.कीपट्रॅक. चालू असेल तर प्रत्येक पाठवणाऱ्याची नोंद राहते.

तिसरी, डायनाफाइल. यंत्राच्या नावावरून फाइलीचं नाव बनवत असाल तर किती फाइली एकाच वेळी उघड्या ठेवायच्या हे डायनाफाइल-कॅश-साइझ ठरवतं. मूळ आकडा १० आहे. शंभर यंत्रांना तो फार कमी पडतो, फाइली सतत उघड-बंद होतात आणि लिहिणं मंदावतं. म्हणून लोक तो १०,००० करून टाकतात. मग एवढे बफर आणि एफडी अडकून राहतात. यंत्रांची खरी संख्या आणि वर थोडी सूट, एवढाच ठेवा. फाइलीच्या नावात प्रोग्रॅमचं नावही घालत असाल तर काळजी घ्या. काही अ‍ॅप प्रोग्रॅमच्या नावातच बदलता क्रमांक घालतात आणि फाइलींना अंत राहत नाही.

चौथी, डायनस्टॅट्स (संदेशांची गटवार मोजणी) वापरत असाल तर त्याच्या बकेटची मॅक्स-कार्डिनॅलिटी, म्हणजे किती वेगळी नावं मोजायची याची मर्यादा.

मेमरी मोकळी झाली, पण परत गेली नाही

पायरीसारखा आलेख ज्यांचा आहे त्यांच्यासाठी. आरसिसलॉगनं संदेश संपवून मेमरी सोडली, तरी ग्लिबसीचा (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा) ॲलोकेटर ती सगळी कर्नलला परत करतोच असं नाही. प्रत्येक थ्रेडला शक्यतो वेगळा अरीना (मेमरीचा स्वतंत्र साठा) मिळतो, आणि ६४-बिट यंत्रावर कोअरच्या आठपट अरीना बनू शकतात. अरीनाच्या टोकाला एक छोटा तुकडा जरी वापरात राहिला तरी खालचा मोकळा भाग अडकतो. म्हणून लोंढा ओसरला तरी आरएसएस खाली येत नाही.

लीक आणि हे, यांतला फरक ओळखायची चाचणी सोपी आहे. चाचणीच्या यंत्रावर लॉगर आदेशाचं लूप चालवून ५० हजार संदेश सोडा, रांग रिकामी होऊ द्या, अनॉन लिहून ठेवा. पुन्हा तेवढेच सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर आकडा तिथंच राहिला तर ॲलोकेटर. प्रत्येक फेरीला सारखाच वाढला तर लीक.

उपाय म्हणून सिस्टिमसीटीएल एडिटनं सेवेला ड्रॉप-इन (छोटी पूरक कॉन्फिग फाइल) जोडा आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये मॅलॉक-अरीना-मॅक्स २ द्या. नाव अर्थात मूळ स्पेलिंगनं, मोठ्या अक्षरांत आणि मधे अधोरेषा घालून लिहायचं. थ्रेडना ॲलोकेटरसाठी थोडं थांबावं लागतं, पण लॉग सर्व्हरच्या नेहमीच्या वेगाला ते जाणवत नाही. सेकंदाला लाखभर संदेश येत असतील तर आधी मोजा.

आवृत्ती आणि मॉड्यूल

इथवर येऊनही सरळ रेष चढतेच आहे? आता लीकचा संशय रास्त आहे. आधी आवृत्ती बघा. वितरणाबरोबर आलेला आरसिसलॉग बरेचदा काही वर्षं जुना असतो, आणि सुधारलेल्या लीकची यादी प्रकल्पाच्या चेंजलॉगमध्ये मॉड्यूलच्या नावासकट मिळते. आपण वापरतो ती मॉड्यूलं त्या यादीत शोधा.

आयएमजर्नल (जर्नलडीच्या फाइलींमधून वाचणारं मॉड्यूल) वापरत असाल तर जास्त लक्ष द्या. रेडहॅट घराण्यात ते मुळात चालू असतं. जर्नलच्या फाइली फिरवल्या गेल्यावर जुन्या, खोडलेल्या फाइली प्रोसेसनं धरून ठेवल्या आहेत का, हे त्या पीआयडीच्या मॅप्स फाइलमध्ये 'डिलिटेड' शोधून कळतं. अशा ओळी साचत असतील तर वाढ आरएसएस-फाइलमध्ये दिसेल. सगळ्यांना जर्नलमधून वाचायची गरज नसते. स्थानिक सॉकेटवरून वाचणारं आयएमयूएक्स-सॉक पुरत असेल तर ते वापरा.

नंतर चाचणीच्या यंत्रावर तेच कॉन्फिग आणि तसाच भार घेऊन एकेक मॉड्यूल बंद करत जा. टीएलएस, जेसन पार्सिंग, एमएम-नॉर्मलाइझ, डेटाबेस, या क्रमानं. प्रत्येक बदलानंतर निदान काही तास रेष बघा. एका वेळी दोन बदल करू नका.

तात्पुरते उपाय, आणि त्यांची किंमत

रोज रात्री क्रॉननं रीस्टार्ट करणं ही सगळ्यात लोकप्रिय मलमपट्टी. सेव्ह-ऑन-शटडाउन आणि फाइलनेम नसेल तर रांगेत उरलेले संदेश प्रत्येक रात्री जातात. यूडीपीचे त्या सेकंदातले तर जातातच.

सिस्टिमडीचं मेमरी-हाय लावलं तर मर्यादेजवळ आल्यावर कर्नल आरसिसलॉगला हळू करतो. तो हळू झाला की रांग आणखी भरते, सॉकेट अडतो आणि वर सांगितलेलं एसएसएचचं अडकणं सुरू होऊ शकतं. मेमरी-मॅक्स त्यापेक्षा बरं. ओलांडलं की सेवा मारली जाते आणि रीस्टार्टच्या नियमानं उठते, निदान शेजारचा डेटाबेस वाचतो. पण मारली जाताना सेव्ह-ऑन-शटडाउन चालत नाही. मेमरीतले संदेश गेलेच, म्हणून मेमरीतली रांग लहान ठेवायला इथंही पर्याय नाही.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

रांग सपाट, कॅशे बांधलेले, अरीना मर्यादित, आवृत्ती ताजी, आणि तरी अनॉन सरळ चढतो. इथून पुढे मेमरी कुठं अडकतेय ते शोधणारं साधन लागतं: व्हॅलग्राइंड, किंवा ईबीपीएफवरचं (कर्नलमधून निरीक्षण करणारं) मेमलीक. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम दहा ते पन्नासपट हळू चालतो. चालू सर्व्हरवर तो लावला तर रांग तुंबेल आणि तुम्ही मोजाल ती तुंबलेली रांग. मेमलीक चालू यंत्रावर चालतं, पण भाराच्या वेळी त्याचंही ओझं पडतं. डीबग सिम्बॉल टाकून स्टॅक ट्रेस वाचायची सवय नसेल तर इथं थांबा. लिनक्सच्या पेड सपोर्टकडे किंवा हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे जा.

याआधीच थांबायचे प्रसंगही आहेत. ज्या सर्व्हरवर बँकेचे किंवा रुग्णालयाचे ऑडिट लॉग येतात, तिथं दुसरी प्रत कुठं जातेय हे ठरल्याशिवाय रांगेला हात लावू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, आणि प्रयोगात पडलेलं भगदाड नंतर भरता येत नाही. स्पूल फोल्डरमधल्या फाइली बिघडल्या असतील, आरसिसलॉग त्या वाचताना कोसळत असेल, तर त्या पुसू नका. फोल्डर दुसरीकडे हलवून ठेवा आणि मदत मागा. डिस्कच एरर देत असेल तर मेमरीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डिस्क बदलणाऱ्याला बोलवा.

बोलवताना या गोष्टी तयार ठेवा: दहा मिनिटांच्या नोंदीची फाइल, आयएमपीस्टॅट्सची त्याच दिवसांची फाइल, आरसिसलॉगडीला छोटा व्ही देऊन मिळालेली आवृत्ती, पासवर्ड झाकलेलं पूर्ण कॉन्फिग, आणि कोणतं मॉड्यूल बंद केल्यावर काय झालं त्याची टिपणं. कोअर डम्प (प्रोसेसच्या मेमरीची पूर्ण प्रत) मागितला तर विचार करून द्या. त्यात रांगेतले संदेश जसेच्या तसे असतात, आणि एखाद्या अ‍ॅपनं लॉगमध्ये टाकलेले टोकन, मोबाइल नंबर, खातेक्रमांकसुद्धा. तो द्यायचाच असेल तर चाचणीच्या यंत्रावर बनावट संदेश सोडून काढलेला द्या.